दूध नवं, विरजण जुनं: अपग्रेड केल्यावर कॉम्प्युटर का बिघडतो

नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळ लग्नपत्रिका छापणारं एक दुकान आहे, तिथले कॉम्प्युटर मी बघतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात म्हणून मीपण अण्णाच म्हणतो. तुळशीचं लग्न झालं की त्यांच्याकडे पत्रिकांची गर्दी सुरू होते, आणि नेमकं तेव्हाच एक दिवस सकाळी साडेनऊला फोन, "अरे तू आहे तसा ये, मराठी टाइप होईना, इथं गिऱ्हाईक बसलंय."

गेलो तर शेजारी शेजारी दोन कॉम्प्युटर. दोन्ही २०१९ ला एकाच दिवशी घेतलेले, मॉडेल सेम, रॅम सेम, दोघांवर विंडोज ११, दोघांवर तेच जुनं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं मांडायचं, मराठी सॉफ्टवेअर. त्याला मागे यूएसबीत एक डोंगल लावावं लागतं. डोंगल म्हणजे पेनड्राईव्हसारखी दिसणारी किल्ली, ती असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं. उजवीकडचा कॉम्प्युटर एकदम ओके. डावीकडचा म्हणतो किल्लीच सापडत नाही. डोंगलांची अदलाबदल केली तरी तेच, म्हणजे डोंगल चांगलं, सॉफ्टवेअरपण चांगलं. अण्णा म्हणाले, "हे अकरा नंबरचं विंडोजच भंगार आहे." मी म्हटलं, "अण्णा, उजवीकडेपण अकराच आहे ना."

फरक एवढाच होता की उजवीकडच्याची हार्ड डिस्क उन्हाळ्यात गेली होती, तेव्हा नवीन एसएसडी, म्हणजे चिपवाली फास्ट डिस्क, टाकून मी त्यावर विंडोज ११ कोरं टाकलं होतं. आणि डावीकडच्यावर अण्णांच्या मुलाने आदल्या रात्री दुकान बंद करताना अपग्रेडचं बटण दाबलं आणि घरी गेला.

हे एवढ्या लोकांचं होतंय कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सिक्युरिटी अपडेट बंद झाले. २०१५ मध्ये आलेलं विंडोज, दहा वर्षं चाललं, आता ज्याचं मशीन बसतंय तो ११ वर जातोय आणि बहुतेक जण अपग्रेडनेच जातायत, कारण ते फुकट आहे आणि एका बटणावर होतं.

दोन शब्द आधी क्लिअर करून घेऊ. अपग्रेड म्हणजे आहे त्या विंडोजवरूनच नवीन विंडोज चढवायचं, फायली, प्रोग्रॅम, सेटिंग जागेवर. फ्रेश म्हणजे डिस्क कोरी करून पहिल्यापासून टाकायचं, ज्याला आपल्याकडे सगळे "फॉरमॅट मारणे" म्हणतात.

रात्रभर ते टक्के मोजत काय करत असतं?

बऱ्याच जणांना वाटतं अपग्रेड म्हणजे जुन्या भिंतीवर नवीन रंग, म्हणजे खाली जुनं विंडोज तसंच आणि वर नव्याचा एक थर. पूर्वी थोडंफार तसं होतं, पण विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, पद्धत बदलली. आता ते जुन्या नाशकातला वाडा सोडून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट झाल्यासारखं चालतं. नवीन विंडोज अख्खंच्या अख्खं बाजूला मांडलं जातं, जुन्याचा फोल्डर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाने बाजूला सरकवतात, आणि मग सामान हलवायचं काम सुरू होतं, तुमच्या फायली, तुमचे प्रोग्रॅम, सेटिंग, ड्रायव्हर, सगळं जुन्या घरातून नव्या घरात. तो मध्ये तीन-चारदा रीस्टार्ट होतो कारण ज्या घरात उभे आहोत तेच रिकामं करता येत नाही, म्हणून मधल्या वेळात एक छोटं कामचलाऊ विंडोज चालू होतं आणि ते ही हलवाहलव करतं.

म्हणजे घर खरंच नवं असतं. गडबड सामानात असते. शिफ्टिंगवाला माणूस काही विचारत नाही की काका हा तुटका स्टूल घ्यायचा का, तो सगळंच उचलतो, आणि वाड्यातल्या दारांच्या किल्ल्यांचा जुडगासुद्धा फ्लॅटच्या किचनमध्ये आणून ठेवतो.

आमच्या घरात याला जास्त चपखल उपमा आहे. दूध रोज ताजं येतं, पण विरजण कालच्याच दह्याचं. काल दही आंबट झालं असेल तर आजच्या ताज्या दुधाचंही आंबटच लागतं, मग आपण दूधवाल्याला शिव्या देतो.

रामकुंडावरची वही आणि विंडोजची रजिस्ट्री

त्या सामानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रजिस्ट्री. नाव अवघड आहे, वस्तू सोपी आहे. पंचवटीत तीर्थपुरोहितांकडे नामावळीच्या वह्या असतात बघा, कोण कुठल्या गावचं, कुणाचा मुलगा, आधी कोण येऊन गेलं. नाव लिहिलं की लिहिलं, माणूस गेला म्हणून कुणी खोडत नाही, आणि त्या वह्यांची तर तीच किंमत आहे. रजिस्ट्री ही विंडोजची तशी वही. कुठला प्रोग्रॅम कुठे राहतो, कुठली फाईल कशाने उघडायची, मशीन चालू झालं की कुणाकुणाला उठवायचं, राइट क्लिकच्या यादीत कोण दिसणार, सगळं त्यात.

आता घोळ काय होतो की प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करताना आपलं नाव वहीतून नीट खोडून जाणारे फार थोडे. बाकीचे निघून जातात आणि नोंद तशीच राहते. पाच-सहा वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये अशा मेलेल्या नोंदी भरपूर असतात. बऱ्याचशा निरुपद्रवी असतात, कुणी बघायलासुद्धा जात नाही. पण काही नोंदी विंडोज रोज वाचतं. समजा वहीत लिहिलंय की राइट क्लिक केलं की अमक्या वाड्यातल्या माणसाला हाक मार, तर विंडोज बिचारं जातं, तिथे वाडा पडून टॉवर झालेला, माणूस नाही, थोडा वेळ वाट बघून परत येतं. तुम्हाला काय दिसतं तर राइट क्लिक केल्यावर चार सेकंद गोल गोल फिरतंय. चालू होताना अमुक फाईल सापडली नाही म्हणून डबा येतो ना, तोपण बहुतेक वेळा याच जातीचा.

अपग्रेडमध्ये या वहीतलं तुमच्या प्रोग्रॅमांचं आणि सेटिंगचं जे काही आहे ते नव्या घरात उतरवून घेतलं जातं. फ्रेशमध्ये कोरी वही. डावी-उजवीकडचा अर्धा फरक इथेच आला.

इथे एक सांगून ठेवतो, रजिस्ट्री क्लीनर नावाचे जे प्रोग्रॅम मिळतात त्यांच्या नादी लागू नका. कुठली नोंद मेलेली आणि कुठली झोपलेली हे त्यांना नक्की कळत नाही, आणि फायदा नगण्य. मी माझ्या गिऱ्हाइकांच्या मशीनवर एकही ठेवत नाही.

अण्णांच्या डोंगलचं काय झालं होतं

उरलेला अर्धा फरक ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि मशीनला लावलेली वस्तू यांच्यातला दुभाष्या. प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, ग्राफिक कार्ड प्रत्येकाचा वेगळा. साध्या प्रोग्रॅममध्ये आणि ड्रायव्हरमध्ये मोठा फरक असा की बरेच ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात, प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो, गाभ्यातला ड्रायव्हर चुकला तर अख्खं मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद पडतं.

अण्णांच्या डावीकडच्या मशीनवर मी आधी सगळे करतात तेच केलं, डोंगलच्या कंपनीच्या साइटवरून नवीन ड्रायव्हर उतरवून टाकला. काही फरक नाही. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये गेलो, तिथे डिव्हाइस सिक्युरिटीत कोअर आयसोलेशन म्हणून एक पान आहे, त्यात मेमरी इंटिग्रिटीचं बटण असतं. गाभ्यात कुणी ऐरागैरा कोड घुसू नये म्हणून ते आहे. ते ऑन करायला गेलो तर विंडोज म्हणालं जमणार नाही, हे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि यादी दाखवली. यादीत २०१३ चा डोंगल ड्रायव्हर! मशीन २०१९ चं आणि ड्रायव्हर २०१३ चा, कारण सॉफ्टवेअरसोबत जी सीडी आली होती त्यातूनच कुणीतरी तो टाकला होता. विंडोज १० वर तो कसाबसा चालत होता. अपग्रेडने त्यालाही सामानात उचलून आणलं आणि मी नवा टाकला तरी जुना आपली जागा सोडायला तयार नव्हता, दोघंही एकाच डोंगलवर हक्क सांगत बसले.

मग डोंगलच्या कंपनीचंच एक जुने ड्रायव्हर मुळापासून काढायचं टूल मिळतं, ते चालवलं, रीस्टार्ट केलं, नवा ड्रायव्हर परत टाकला आणि अण्णांची पहिली ओळ "श्री गणेशाय नमः" उमटली. सगळा प्रकार दीड तासाचा, त्यातला सव्वा तास शोधण्यात गेला.

ती कोअर आयसोलेशनची यादी मला फार आवडते, फुकटात सांगते की घरात कोण कोण जुनं बसलंय. अपग्रेड करायच्या आधीच बघून घ्या, विंडोज १० मध्येपण ते पान आहे.

अँटीव्हायरसचं याहून वाईट. तो तर प्रत्येक फाईल उघडताना मध्ये उभा राहतो, दारावरच्या वॉचमनसारखा, आणि त्यासाठी स्वतःचे ड्रायव्हर गाभ्यात पेरतो. लायसन्स संपलं म्हणून तुम्ही एक काढून दुसरा टाकलात, पहिल्याचे तुकडे राहिले, मग अपग्रेड केलं, की फायली उघडायला वेळ लागणे, नेट मध्येच जाणे, किंवा अपग्रेडच अर्ध्यावर येऊन मागे फिरणे. बाहेरचा अँटीव्हायरस अपग्रेडच्या आधी काढून टाका, आणि कंट्रोल पॅनेलमधून काढून समाधान मानू नका, प्रत्येक मोठ्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं ते चालवा. मधल्या वेळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, उघडं पडत नाही मशीन.

सामान हलवणाऱ्याने भलतंच फेकलं तर?

तसंही झालेलं आहे. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट २ तारखेला आलं आणि ६ तारखेला मायक्रोसॉफ्टला थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या फायली उडाल्या होत्या. कारण ऐकण्यासारखं आहे. काही लोक आपला डॉक्युमेंट्सचा फोल्डर सी ड्राईव्हवरून डी ड्राईव्हला हलवतात, आपल्याकडे तर ही सवयच, सी उडाला तरी डी वाचतो म्हणून. असं केलं की सी वर त्याच नावाचा जुना फोल्डर मागे राहू शकतो. अपडेटने ठरवलं की हा रिकामा डुप्लिकेट आहे आणि साफ केला. पण काहींच्या त्या जुन्या फोल्डरमध्ये खऱ्या फायली होत्या! मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे असे लोक फार कमी होते, पण ज्याचे गेले त्याचे शंभर टक्के गेले. दुरुस्त केलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला परत आलं.

म्हणून बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि काम झालं की ती काढून ठेवायची. डी ड्राईव्हवर कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला असं समजणारे रोज भेटतात. डी ड्राईव्ह त्याच डिस्कचा तुकडा आहे हो, एकाच घरातल्या दोन खोल्या, घर बुडालं की दोन्ही बुडाल्या.

अशीच आणखी एक जुनी गोष्ट सोबत येते ती म्हणजे डिस्कची वाटणी. अपग्रेडमध्ये पार्टिशन, म्हणजे डिस्कचे हे वाटे, साधारण तशीच राहतात. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सिक्युरिटी अपडेट आलं, त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीचं सामान ठेवलेल्या वाट्यात, २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि खूप मशीनवर ते पार्टिशन आधीच्या काळात मापून केलेलं, जागाच नाही. अपडेट फेल व्हायचं आणि एरर असा यायचा की त्यावरून कुणाच्या बापाला कळणार नाही जागा कमी आहे म्हणून. लोकांनी महिनोन्‌महिने डोकं आपटलं.

"मोबाईल तर दरवर्षी अपग्रेड होतो, त्याला काही होत नाही"

चांगला प्रश्न आहे आणि मला दर आठवड्याला एकदा तरी कुणी विचारतंच. मोबाईलमध्ये सिस्टीमचा भाग वेगळ्या कुलूपबंद खोलीत असतो, तुमचे अ‍ॅप तिथे जाऊन काहीही ठेवू शकत नाहीत. प्रत्येक अ‍ॅप आपापल्या डब्यात. शिवाय अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून, म्हणजे अँड्रॉइड ७ पासून, सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली, एकीवर फोन चालू असताना दुसरीवर नवीन सिस्टीम टाकतात आणि रीस्टार्टला तिच्यावर उडी मारतात, बिघडलं तर परत पहिल्यावर. ड्रायव्हर फोनच्या कंपनीनेच दिलेले, तुम्ही सीडीतून २०१३ चा काही टाकूच शकत नाही.

अ‍ॅपलच्या मॅकमध्येपण बिग सरपासून, २०२० पासून, सिस्टीमचा भाग सील केलेला असतो. तरी मॅकवालेही सुटत नाहीत, २०१९ ला कॅटालिना आलं तेव्हा ३२-बिटचे, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरच्या पद्धतीने लिहिलेले, सगळे प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले, अपग्रेड असो की फ्रेश.

विंडोजने मुळात उलटा सौदा केला. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅमही चालला पाहिजे, कुठल्याही कंपनीचं कार्ड बसलं पाहिजे, कुणीही येऊन वहीत लिहिलं तर चाललं पाहिजे. अण्णांचं जुनं मराठी सॉफ्टवेअर आज चालतंय ते याच मोकळेपणामुळे, आणि ते बिघडलं तेही त्याच्यामुळेच.

लिनक्सवाले मित्र आता हसत असतील तर त्यांनाही सांगतो, उबुंटू नावाच्या लिनक्सचं अपग्रेड करताना तुम्ही बाहेरून जोडलेले सॉफ्टवेअरचे स्रोत बंद केले जातात, नंतर हाताने चालू करावे लागतात, आणि मध्येच विचारतं की ही सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी टाकू. तिथे न वाचता एंटर मारणारे मी पाहिलेत. मीपण मारलंय.

"मग कशाला डोकं लावायचं, सरळ फॉरमॅट मारा"

हे म्हणणारे दोन प्रकारचे, एक ज्यांचा कॉम्प्युटर फक्त पिक्चर बघायला आहे आणि दुसरे दुकानदार, कारण फॉरमॅटचे चारशे-पाचशे रुपये ठरलेले आणि डोकं शून्य. माझंही पोट त्यावरच आहे तरी सांगतो, फॉरमॅट हा शेवटचा उपाय म्हणून बरा.

फॉरमॅट मारायला एक तास लागतो, मशीन पहिल्यासारखं कामाला लागायला चार दिवस. विंडोजचं लायसन्स बहुतेक वेळा आपोआप लागतं, कारण ते मशीनशी बांधलेलं असतं, तीच एडिशन टाकली आणि नेट जोडलं की झालं. पण बाकीचं? सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्यांचं मशीन त्यांच्या भाच्याने रविवारी फॉरमॅट केलं, सोमवारी ई-टेंडर भरायचं होतं, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, म्हणजे ऑनलाइन सहीची यूएसबी किल्ली, लावलं तर ओळखेना, त्याचा ड्रायव्हर कुणाकडे नाही, सही करायचं जे छोटं सॉफ्टवेअर लागतं तेही गेलेलं, वर आउटलुकची मेलची फाईल सी ड्राईव्हच्या कुठल्यातरी आतल्या फोल्डरमध्ये होती ती गेली ती गेलीच. भाच्याने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स मात्र इमानदारीत कॉपी केलं होतं.

तेव्हा फ्रेश टाकायचंच असेल तर आधी कागद-पेन घेऊन बसा. हिशेबाच्या टॅलीचा डेटा फोल्डर कुठे आहे ते बघून कॉपी करा आणि त्याचं लायसन्स सरेंडर करून घ्या, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. ऑफिस कुठल्या मेल आयडीवर आहे, ब्राउझरमधले पासवर्ड सिंक आहेत का, टोकन आणि डोंगलचे नवीन ड्रायव्हर उतरवून पेनड्राईव्हवर आहेत का. आणि आपल्या मराठी लोकांसाठी खास, फॉन्टचा फोल्डर! युनिकोडच्या, म्हणजे मराठी सगळीकडे सारखंच दिसायच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या फायली त्या फॉन्टशिवाय उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि काही जुने फॉन्ट आता शोधूनही मिळत नाहीत. अण्णांकडे पंधरा वर्षांच्या पत्रिका तशा आहेत.

फ्रेशमध्ये एक नवीन खड्डापण आलाय. विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन कोरं टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद. चोरी झाली तर चांगलंच, पण उद्या मदरबोर्ड गेला तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती तुमच्या त्या अकाउंटमध्ये असते, आणि ते अकाउंट दुकानदाराने स्वतःच्या मेलने बनवलं असेल तर काय ते समजून घ्या. साध्या अपग्रेडमध्ये हे आपोआप चालू होत नाही.

"आमचं तर अपग्रेड करूनच मस्त चाललंय"

चालणारच. ज्याच्याकडे ब्राउझर, ऑफिस आणि एखादा नवा प्रिंटर एवढंच आहे त्याच्या सामानात आंबट काही नसतंच, त्याने खुशाल अपग्रेड करावं, मी माझ्या बहिणीचा लॅपटॉप तसाच केला. अडकतात ते जुनी हार्डवेअर, डोंगल, तीन वेळा बदललेले अँटीव्हायरस आणि कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली मशीन. दुकानाची, क्लिनिकची, वर्कशॉपची.

बिघडलंय, आता काय बघायचं

पहिले दोन दिवस काहीच करू नका. नवीन घरात आल्यावर विंडोज सगळ्या फायलींची सूची नव्याने बनवतं, मागून अपडेट उतरत असतात, पंखा जोरात फिरतो, डिस्क शंभर टक्के दाखवते. याला घाबरून लोक पहिल्याच संध्याकाळी मशीन उचलून आणतात.

तिसऱ्या दिवशीही तसंच असेल तर माझी आवडती टेस्ट, नवीन यूजर. सेटिंगमध्ये जाऊन एक नवं लोकल अकाउंट बनवा आणि त्यातून लॉगिन करा. त्यात सगळं सुरळीत चाललं तर घर चांगलं आहे, तुमच्या खोलीतलं सामान खराब आहे, म्हणजे तुमच्या प्रोफाइलमधली जुनी सेटिंग. मग फॉरमॅटची गरजच नाही, फायली नव्या अकाउंटमध्ये हलवा आणि तिथेच राहा. दहा मिनिटांची टेस्ट आहे पण फॉरमॅट मारणाऱ्यांपैकी कुणी करत नाही.

नव्या यूजरमध्येपण तोच त्रास असेल तर दोष सगळ्या घराचा. मग बाहेरच्या कंपन्यांच्या सगळ्या सर्व्हिस, म्हणजे मागे न दिसता चालणारे प्रोग्रॅम, तात्पुरत्या बंद करून मशीन चालू करायचं, याला क्लीन बूट म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवून बाकीच्यांचे टिक काढायचे. बरं वाटलं तर अर्ध्या परत चालू, मग त्यातल्या अर्ध्या, असं करत करत चोर सापडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत लपलेली डिव्हाइस दाखवा म्हणून पर्याय आहे, तो दाबला की फिकट रंगात जुन्या वस्तू दिसतात, २०२० मध्ये विकून टाकलेला प्रिंटरसुद्धा. तसल्या काढून टाकायला हरकत नाही, पण जे ओळखीचं नाही त्याला हात लावू नका.

हे करताना तारीख लक्षात ठेवा. अपग्रेड झाल्यापासून १० दिवसांपर्यंत सेटिंगमधल्या रिकव्हरीतून 'गो बॅक' करून जुन्या विंडोजवर परत जाता येतं, कारण तो 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर तोवर असतो. नंतर विंडोज तो स्वतःच उडवतं. काही हुशार लोक सी ड्राईव्ह भरला म्हणून दुसऱ्याच दिवशी तो फोल्डर हाताने साफ करतात आणि नवव्या दिवशी मला विचारतात परत कसं जायचं.

मधला रस्तापण आहे. 'रिसेट धिस पीसी' मध्ये फायली ठेवून बाकी सगळं नवीन करता येतं, प्रोग्रॅम उडतात पण कागदपत्रं राहतात. त्यात क्लाउड डाउनलोड निवडलं तर नेटवरून ताजं विंडोज उतरवून घेतं, काही जीबी जातील, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करू नका. आणि मशीनला यूपीएस नसेल तर लाइटचा भरवसा धरून यातलं काहीच सुरू करू नका.

फ्रेश केलं तरी जे चालणार नाही

मार्केट यार्डातल्या एका आडतीवर अजून डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या, फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम चालतो, काळ्या स्क्रीनवर, आणि त्यांचे मुनीम माउसला हात न लावता इतक्या स्पीडने पट्ट्या मारतात की आपण बघत राहावं. तो ३२-बिट विंडोज १० वर चालत होता. विंडोज ११ फक्त ६४-बिट मध्येच येतं, आणि ६४-बिट विंडोजमध्ये असल्या जुन्या डॉस प्रोग्रॅमना चालवणारा भागच नाही. मुळात ३२ वरून ६४ वर अपग्रेड होतच नाही, फ्रेशच टाकावं लागतं, आणि फ्रेश टाकूनही हा प्रोग्रॅम उघडणार नाही. इथे विरजणाचा दोष नाही, दूधच वेगळ्या जनावराचं आहे. त्यांना डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये खोटा डॉस उभा करून दिला, प्रिंट काढायला थोडी कसरत करावी लागली, पण चालतंय.

अण्णांच्या दुकानात तिसरं मशीन आहे ते मी सांगितलंच नाही. २०१४ चं, त्याचा प्रोसेसर ११ च्या यादीत नाही आणि टीपीएम २.० ची सिक्युरिटी चिपपण नाही. यूट्यूब बघून नियम चुकवून त्यावर ११ चढवणारे आहेत, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अण्णा म्हणाले, "याचं काय करायचं ते सांग, पण आता परत सीझनमध्ये बंद नको." त्याच्यावर फक्त स्टिकर कटिंगचा प्लॉटर चालतो. त्याची नेटची वायर काढून टाकली, डिझाइन पेनड्राईव्हवरून येतात, आणि मॉनिटरवर अण्णांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय, "अपग्रेड दाबू नये".